बाळंतिणीचे हळीव: निवडण्यापासून लाडू वळेपर्यंत

लेक बाळंतपणाला माहेरी यायची असली की पुण्यातल्या घरांत डिंक, खारीक, बाळंतशेपा यांच्याबरोबर हळिवाची पुडीही येऊन पडते. मी नोकरीची सगळी वर्षं प्रसूती विभागात परिचारिका म्हणून काढली. आता निवृत्त आहे, पण सहकारनगरात आमच्या आसपास कुणाकडे बाळंतीण आली की मला हाक येतेच. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "मावशी, दूध पुरत नाहीये, रोज किती लाडू देऊ?" मी म्हणते, आधी बाळ अंगावर नीट धरतंय का ते बघू, मग लाडवांचं बोलू. इथेही त्याच क्रमाने सांगते.

दूध येतं ते बाळाच्या ओढण्यानं. बाळ चोखायला लागलं की आईच्या मेंदूला निरोप जातो, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) स्रवतं आणि दूध तयार होतं. ऑक्सिटोसिन हे दुसरं संप्रेरक स्रवतं आणि पान्हा फुटतो. छाती रिकामी झाली की शरीर पुन्हा भरायला घेतं. भरलेलीच राहिली तर शरीर समजतं, एवढं नको आहे, आणि दूध आटत जातं. म्हणून पहिल्या आठवड्यांत दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजायचं. रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. "पोरीला झोपू दे, रात्री वरचं दूध देऊ" असं आजी मायेनं म्हणते, पण तिथूनच दूध कमी व्हायला लागतं. पोरीला दुपारी झोपू द्या. बाळाचे कपडे, पाहुणे, चहापाणी तिच्या अंगावरून काढून घ्या.

बाळाला धरताना त्याचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं, मान आणि पाठ एका रेषेत हवी. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं. नुसती बोंडशी तोंडात गेली तर दुखतं, चिरा पडतात आणि दूधही पुरेसं येत नाही. भोवतीच्या काळ्या भागाचाही बराचसा हिस्सा आत जायला हवा, हनुवटी छातीला टेकलेली हवी. चकचक आवाज येत असेल किंवा गालाला खळ्या पडत असतील तर करंगळी हलकेच बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. कितीतरी घरांत "दूधच नाही" म्हणून बोलावणं आलं आणि एवढ्यानंच काम झालं. सुरुवातीचा पिवळसर चीक पिळून टाकायचा नाही, तो बाळाच्याच पोटात जाऊ द्यायचा.

दूध पुरतंय का, हे बाळाच्या लंगोटांवरून कळतं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, बाळ पिऊन समाधानानं झोपत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय, मग छाती मऊ लागो नाहीतर बाळ संध्याकाळी कुरकुर करो. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर यायला हवं. आलं नाही, किंवा बाळ मलूल आहे, लघवी कमी आणि गडद आहे, तर लाडू वळत बसू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा.

आता हळीव.

हे मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रोपाचं बी. लालसर तपकिरी, लांबट, तिळाहून बारीक. यात प्रथिनं आहेत, लोह आहे, चांगली स्निग्धता आहे. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण 600 कॅलरी जास्त लागतात. एक लाडू त्यातला थोडा वाटा उचलतो. हळिवानं थेट दूध वाढतं, याला भक्कम शास्त्रीय पुरावा नाही, आणि मी कुठल्याही मुलीला तसं सांगत नाही. आईच्या पोटात सकस, गरम, आवडीचं काहीतरी रोज ठरल्या वेळी जातं, तिच्यासाठी कुणीतरी ते निगुतीनं केलेलं असतं, तिला बळ येतं आणि ती शांतपणे पाजायला बसते. मला हे मोलाचं वाटतं. पान्हा फुटायला आईचं मन निवांत लागतं, हे मी वॉर्डात रोज पाहिलं आहे.

खरेदी कुठूनही करा. किराणा दुकानात मिळतात, मंडईच्या बाजूला आणि रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत सुटे मिळतात. सुटे घ्यायचा फायदा असा की चिमूटभर तळहातावर घेऊन बघता येतात. रंग एकसारखा हवा, बोटांना भुकटी लागायला नको, कुबट वास यायला नको. जुन्या हळिवांना खवट वास मारतो, ते घेऊ नका. घरी आणल्यावर चार दाणे ओल्या बशीत टाका. थोड्याच वेळात प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत कडं आलं पाहिजे.

या कड्यामुळेच हळीव धुता येत नाहीत. पाणी लागलं की दाणे एकमेकांना चिकटतात आणि त्यातला खडा, माती तशीच आत राहते. त्यामुळे कोरडे असतानाच निवडायचे, आणि सगळी मेहनत इथे आहे. आधी बारीक चाळणीनं माती चाळून काढा. मग स्टीलच्या ताटात पातळ पसरा, खिडकीशी उजेडात बसा आणि ताट किंचित तिरकं करून बोटांनी हलकेच टिचक्या मारा. दाणे घरंगळत पुढे येतात, खडे मागे राहतात. काही खडे हुबेहूब हळिवाच्याच रंगाचे असतात, ते डोळ्यांना नाही, बोटाला कळतात. एका वेळी मूठभरच घ्या. घाई केली तर पहिल्याच घासाला दाताखाली कचकच येते आणि ती मुलगी नंतर लाडवाला हात लावत नाही.

साधारण बारा-पंधरा मध्यम लाडवांसाठी पाव वाटी हळीव, दोन वाट्या खवलेला ओला नारळ, सव्वा वाटी चिरलेला गूळ, एक वाटी नारळाचं पाणी, चमचाभर तूप, अर्धा चमचा वेलचीपूड आणि दोन-चार वेळा किसणीवर घासलेलं जायफळ एवढं पुरतं. पाव वाटी हळीव बघून नवख्या बाईला वाटतं हे काहीच नाही, आणि ती वाटीभर घालते. भिजल्यावर ते किती फुगतात हे पाहिलं की पुन्हा जास्त घालत नाही.

नारळ फोडताना पाणी भांड्यात धरा, चाखून बघा, आंबूस असेल तर साधं पाणी किंवा दूध वापरा. त्यात हळीव घालून चमच्यानं नीट ढवळा, नाहीतर तळाशी गोळा होतो आणि मधले दाणे कोरडे राहतात. झाकून दोन-तीन तास ठेवा. सगळं पाणी पिऊन हळीव टपोरे, सब्जासारखे दिसायला लागले की झालं. नारळ खवताना पाठीचा काळा भाग येऊ देऊ नका. लाडू चवीला उग्र होतो आणि दिसायलाही मळकट.

जाड बुडाच्या कढईत तूप, नारळ, गूळ आणि भिजलेले हळीव एकत्र करून अर्धा तास तसंच ठेवलं तर गूळ आपोआप सुटतो आणि ढवळणं सोपं जातं. मग मध्यम आचेवर ठेवा. आधी मिश्रण पातळ होतं, घाबरू नका. गूळ वितळला की आच कमी करा आणि ढवळत राहा, हळीव तळाला पटकन लागतात. पंधरा-वीस मिनिटांत मिश्रण कडा सोडतं, उलथन्याभोवती गोळा फिरायला लागतो, तूप कडेला चमकतं. तिथे गॅस बंद. आणखी परतलं तर गुळाचा पाक पुढे जातो आणि लाडू दगड होतात. आधीच उतरवलं तर वळले जातात पण ताटात बसके होतात. शंका असेल तर थोडं मिश्रण बशीत घ्या, निवू द्या आणि बोटात गोळी करून बघा. गोळी झाली, बोटाला चिकटली नाही, की जमलं. वेलची, जायफळ शेवटी. कोमट असतानाच तुपाच्या हातानं वळा.

ओल्या नारळाचे लाडू टिकाऊ नसतात. थंडीत बाहेर दोन दिवस, नाहीतर फ्रिजमध्ये आठवडाभर. एप्रिल-मेच्या पुण्यात संध्याकाळपर्यंतही बाहेर ठेवू नका. थोडे थोडे करावेत हे उत्तम. खायला देताना फ्रिजमधला गार लाडू तसाच देऊ नका, थोडा आधी बाहेर काढा किंवा तव्यावर कोमट करा.

रोज एक लाडू, सकाळी. दोन खाल्ले की दूध दुप्पट होईल असं काही नसतं. उलट हळीव जास्त झाले तर पोट ढिलं होतं. बाळंतिणीची भूक आणि पोट ताळ्यावर आलं की सुरू करा. सिझेरियन झालं असेल तर पोट साफ व्हायला लागून साधं जेवण नीट पचू लागल्यावर, डॉक्टरांना विचारून. लाडवानंतर लगेच चहा नको, चहानं लोह अंगी लागायला अडथळा येतो. आणि लाडू सुरू केले म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नका. सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतर 180 दिवस त्या घ्यायला सांगतात ते योग्यच आहे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी मात्र एका वेळी घेऊ नका.

गोड नको असेल, साखरेचा त्रास असेल, तर लाडवाचा हट्ट सोडा. चमचाभर हळीव पाण्यात भिजवून लिंबाच्या बिनसाखरेच्या सरबतात, किंचित मीठ घालून घ्या. लिंबामुळे लोह चांगलं शोषलं जातं. खीर करायची तर भिजवलेले हळीव कपभर दुधात मऊ शिजवा आणि गूळ गॅस बंद करून, थोडं निवल्यावर घाला, म्हणजे दूध फाटत नाही. कोरडे हळीव चमच्यानं तोंडात टाकून वर पाणी पिणं मात्र कधीही करू नका. ते घशातच फुगू शकतात.

काहींनी हळीव टाळावेत किंवा विचारून घ्यावेत. गरोदर असताना नकोत. "आत्तापासून सवय लाव" म्हणून सातव्या महिन्यात लाडू देणाऱ्या आज्या आहेत, त्यांना मी हात जोडून थांबवते. थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा, मोहरीच्या कुळातल्या पदार्थांचा त्या ग्रंथीवर परिणाम होऊ शकतो. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तरीही विचारा. मोहरीची ॲलर्जी असेल तर हळीव नकोतच. आणि छातीत गाठ, लाली, थंडी वाजून ताप आला तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पाजणं मात्र बहुतेक वेळा चालूच ठेवायचं असतं, बंद केलं तर दुखणं वाढतं.

हिंजवडी-खराडीला नोकरी करणाऱ्या मुलींचा खरा प्रश्न रजा संपत आली की सुरू होतो. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा आहे. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभाही. हे मागून घ्या, संकोच करू नका. पाळणाघर जवळ नसेल तर दर तीन तासांनी दूध काढायचंच. नाहीतर पुन्हा तेच: छाती भरलेली राहते आणि दूध आटतं, मग घरून कितीही लाडू डब्यात आले तरी. हात स्वच्छ धुवा, छाती कोमट फडक्यानं शेका, अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी छातीच्या पिंजऱ्याकडे दाबा, मग एकमेकांकडे. बोंडशी ओढायची नाही. झाकणाच्या उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात काढा, वर वेळ लिहा. बाहेर चार तास, फ्रिजमध्ये 24 तास चालतं. पुण्याच्या उन्हाळ्यात पीएमपीच्या बसनं तासभर यायचं असेल तर बर्फाच्या पिशवीबरोबरच आणा. देताना गॅसवर उकळू नका, भांडं कोमट पाण्यात ठेवा आणि वाटी-चमच्यानं पाजा. संध्याकाळी घरी पोचलात की आधी हातपाय धुऊन बाळाला जवळ घ्या. चहा, जेवण, फोन नंतर.