परग्रहवासीयांविरुद्धच्या बंडाची कथा लिहायची, तर आधी फितूर नीट लिहा

परग्रहावरून आलेल्यांनी पृथ्वी जिंकली आहे, मूठभर माणसं डोंगरात राहून लढताहेत आणि त्यांच्यातलंच कुणीतरी फितूर होतं. हे कथाबीज मी गेली पंधरा-सोळा वर्षं पुन्हा पुन्हा हातात घेते आहे. यावर सर्रास मिळणारा सल्ला असा : फितूर शेवटच्या पानापर्यंत दडवून ठेवा, मग वाचकाला धक्का द्या. या सल्ल्याने माझ्या तीन कथा वाया गेल्या. तुमची जाऊ नये म्हणून लिहिते आहे.

पात्रांची नावं, गावाचा कच्चा नकाशा आणि लिहायला सलग महिनाभर एवढं तुमच्याकडे आहे, असं धरून चालते.

जेते कशासाठी आले, ते एका वाक्यात ठरवा. पाणी न्यायला आले, असं कृपा करून लिहू नका. गुरूच्या युरोपा या एकट्या चंद्राच्या बर्फाखाली पृथ्वीच्या सगळ्या महासागरांहून जास्त पाणी असावं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ताऱ्यांमधलं अंतर कापून आलेला कुणी ते सोडून पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून बादल्या उपसत बसणार नाही. त्यांना जे हवं ते फक्त इथेच मिळणारं असू द्या. माझ्या कथेत त्यांना जिवंत माती हवी असते.

त्यांचे यंत्रसैनिक, किरणं, अंतराळयानं हे सगळं दोन परिच्छेदांत उरका. त्यापेक्षा ते संख्येने किती आहेत ते ठरवा, आणि थोडेच ठेवा. इंग्रजांचे हजार-बाराशे आयसीएस (वरिष्ठ मुलकी सेवेतले) अधिकारी तीस कोटींच्या देशावर बसले होते. ते बसू शकले, कारण खाली तलाठी, कारकून, शिपाई, दुभाषे आपलेच होते. थोड्या जेत्यांना इथले हात लागतात. फितुरी कथेत शिरते ती याच दारातून.

बंडखोरांची रचना सोपी आहे. तिघांची एक टोळी, एका टोळीला दुसरीची नावं ठाऊक नाहीत. फक्त डोंगरात त्यांना भाकरी कोण पोचवतं, ते विसरू नका. इंग्रजांविरुद्ध भूमिगत लढणारे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. जंगल दाट होतं, माणसं कडवी होती, पण ठावठिकाणा खबऱ्यांमार्फत पोचला होता. जो भाकरी आणतो त्याला वाट ठाऊक असते.

आता फितूर. इथे घाई केलीत तर बाकी सगळं फुकट.

माझ्या पहिल्या कथेतला फितूर लोभी होता. डोळे बारीक, बोलणं गोड, शेवटच्या पानावर तो हसतो आणि नायकाला म्हणतो, ‘मला सोनं मिळालं.’ एका संपादकांनी ती कथा परत पाठवली आणि समासात एवढंच लिहिलं होतं : ‘याला टोळीत घेतलंच कुणी?’ त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या दोन कथांत मी तेच केलं, फक्त जास्त शिताफीने लपवून. वाचणाऱ्यांना धक्का बसला आणि दुसऱ्या दिवशी ते कथा विसरून गेले.

मग मी खऱ्या फितुरांकडे वळले. सूर्याजी पिसाळाचं नाव आपण लहानपणापासून शिवीसारखं ऐकतो. १६८९मध्ये वाईच्या देशमुखीसाठी त्याने रायगड शत्रूला मिळवून दिला, अशी परंपरेने चालत आलेली गोष्ट. इतिहासकारांत त्यावर मतभेद आहेत, पण गोष्टीतलं कारण बघा : वतन. तात्या टोपेंना एप्रिल १८५९मध्ये पारोणच्या जंगलात झोपेत पकडून देणारा मानसिंग स्वतः बंडखोर होता, ग्वाल्हेरच्या शिंद्यांविरुद्ध उठलेला. इंग्रजांनी आधी त्याच्या घरच्या माणसांना आपल्याकडे आणलं, जहागिरीची आशा दाखवली, मग त्याच्याकडे तात्यांचा विषय काढला. चाफेकरांची माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंपुढे वीस हजार रुपयांचं इनाम होतं. प्रागमध्ये कारेल चुर्दा हा तिथला नाझी सत्ताधीश हायड्रिख याच्यावर हल्ला करणाऱ्यांचाच साथी, इंग्लंडहून विमानाने येऊन हवाई छत्रीने उतरलेला सैनिक. १० जून १९४२ला जर्मनांनी लिदित्से गाव बेचिराख केलं, पुढे येईल त्याला माफी जाहीर केली. चुर्दा तेव्हा आईच्या घरी लपला होता. १६ जूनला तो स्वतःच्या पायांनी गेस्टापोकडे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांकडे गेला.

वतन, घर, इनाम. यातलं इनाम कथेसाठी सगळ्यांत दुबळं, कारण वाचक मनात म्हणतो, ‘मी नसतं घेतलं,’ आणि तिथेच सुटतो. घर घ्या. घरापुढे वाचकाला सुटायला जागा राहत नाही.

चुर्दाची आणखी एक गोष्ट माझ्या फार उपयोगी पडली. मुख्य हल्लेखोर ज्या चर्चमध्ये लपले होते, ते त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने सांगितली ती आसरा देणाऱ्यांची घरं. त्यातल्या एका घरच्या पोराचा छळ झाला, तेव्हा चर्चचा पत्ता लागला आणि १८ जूनला तिथे लपलेले सातही जण मेले. म्हणजे फितूर कधी पूर्ण गुपित देत नाही. तो आपल्या हातातला एक तुकडा देतो, आणि तुकडाच तर आहे अशी स्वतःची समजूत घालतो.

हे लक्षात ठेवून मी रंजना लिहिली. कोयनेच्या खोऱ्यात आरोग्यसेविका, वय अडतीस. तिच्या दहा वर्षांच्या मुलाला टाइप वन मधुमेह आहे, म्हणजे रोज इन्सुलिन टोचावं लागतं. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्या लागतात. उघडलेली कुपी साधारण अठ्ठावीस दिवस चालते. वीज आणि औषधांचा पुरवठा जेत्यांच्या हाती. मला कथेचं घड्याळ आपोआप मिळालं : अठ्ठावीस दिवस. डोंगरातल्या टोळीची जखम शिवायला रात्री जाते तीच. टोळीचा म्होरक्या तिला रंजनाताई म्हणतो, तिच्या मुलासाठी करवंदं पाठवतो. तिला टोळीत का घेतलं, हा प्रश्न कुणी विचारणार नाही.

जेते तिला नावं विचारत नाहीत. इथे नीट बघा, कारण सगळी कथा या जागेवर उभी आहे. ते एवढंच म्हणतात : लसीकरणाची नोंदवही व्यवस्थित भरा, दर आठवड्याला केंद्रात दाखवा. हे तर ती नोकरी लागल्यापासून करत आली आहे. लस खरी आहे, पोरं वाचताहेत. वही नीट भरली की शीतकपाटाची वीज चालू राहते. ती हजेरी लिहिते. गैरहजर माणसांपुढचे रकाने कोरे राहतात. आणि तरणीताठी माणसं डोसाला का येत नाहीत, हे जेत्यांना त्या कोऱ्या रकान्यांतून कळतं.

तिला हे कधी समजतं? तिसऱ्या आठवड्यात, पहिला माणूस पकडला गेल्यावर. खरी फितुरी चौथ्या आठवड्यात होते, जेव्हा ती समजूनउमजून वही घेऊन निघते. त्या वाटेचं मी दीड पान लिहिलं आहे. त्यात एकही मोठा विचार नाही. ओढ्याचं पाणी, पिशवीचा बंद खांद्यावर काचणं, मुलाने सकाळी विचारलेलं ‘आई, आज परत दोनदा सुई?’ एवढंच. तिच्या मनातलं द्वंद्व शब्दांत मांडायचा मोह तुम्हाला होईल. मला झाला होता, चार पानं लिहिली आणि फाडली. स्वतःशी वाद घालणारं माणूस अजून थांबू शकतं. रंजनाचं थांबणं मागेच राहून गेलेलं आहे.

म्हणून वाचकापासून हे लपवू नका. वाचकाला टोळीच्या आधी कळू द्या. म्होरक्या तिच्यासमोर बसून भाकरी खातो आहे, म्हणतो, ‘ताई, तुमच्यामुळे टिकलोय आम्ही,’ आणि वाचकाला वहीतला कोरा रकाना दिसतो आहे. शेवटच्या पानावरचा धक्का एका क्षणाचा असतो. इथे वीस पानं श्वास अडकतो.

आणखी एक काम करा, जे बहुतेक जण टाळतात. फितुराच्या तोंडून त्याची हकिगत सात-आठ पानं लिहून काढा, कथेत न वापरण्यासाठी. ती लिहिताना तुम्हाला त्याची बाजू पटली नाही, तर ते पात्र अजून तयार नाही.

उघडकीस येण्याचा प्रसंग छोटा ठेवा. टोळीला एखाद्या वस्तूवरून कळू द्या. माझ्याकडे ती अजून गार असलेली, नवी कोरी कुपी आहे.

शिक्षेचं मात्र जपून. फितुरावर दरड कोसळवून किंवा जेत्यांच्याच हातून त्याला मारून मोकळे होऊ नका, ती लेखकाची पळवाट आहे. टोळीला ठरवू द्या आणि त्याची किंमत मोजू द्या. द्रविड बंधूंना फेब्रुवारी १८९९मध्ये वासुदेव चाफेकर आणि महादेव रानडे यांनी मारलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात दोघेही फासावर गेले. वासुदेव तेव्हा विशीही न ओलांडलेला. साताऱ्यात इंग्रजांना झुगारून चाललेल्या पत्री सरकारने खबऱ्यांच्या तळपायांवर फटके मारले, गावाने ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं. तुमच्या टोळीने रंजनाला मारलं, तर त्या मुलाला दुसऱ्या दिवशी सुई कोण देणार, हे कथेत आलंच पाहिजे. माझ्या कथेत म्होरक्या सुई द्यायला शिकतो. रंजनाचं काय झालं, ते मी त्या एका कृतीतून कळू दिलं आहे.

झाली कथा की आठवडाभर बाजूला ठेवा, मग जिला विज्ञानकथा आवडत नाहीत अशा कुणाला वाचायला द्या. बाकी काही विचारू नका. एवढंच विचारा, की ती वही घेऊन निघाली तेव्हा काय वाटलं. उत्तर ‘राग आला’ असं आलं, तर फितुराच्या सात-आठ पानांकडे परत जा. ‘तिला थांबवावंसं वाटलं’ असं आलं, तर शुद्धलेखन तपासा आणि पाठवा. दिवाळी अंकासाठी असेल, तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच.