आज्जीच्या हातची चटणी परत जमवायची असेल तर

आज्जी गेली त्या वर्षी तिनंच केलेली वर्षाची चटणी, म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला, बरणीत असते त्यामुळं कुणाच्या डोक्यात येत नाही, पण पुढचा उन्हाळा येतो, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिरचीची पोती लागतात आणि मग सगळे एकमेकांना विचारायला लागतात की धणं किती घालायची गं ती? कुणाकडंच लिहिलेलं नसतं. तरीपण ती चव जमवता येते, आणि खरं सांगते, ती जमवताना आज्जीच्या जेवढ्या आठवणी गोळा होतात तेवढ्या अल्बम घेऊन बसून होत नाहीत.

सगळ्यात आधी तिची भांडी मोडीत घालू देऊ नका. नवीन स्टीलच्या नादात जुनी पितळी वाटी, धान्य मोजायचं चिपटं, मापटं सगळं मोडीत जातं आणि खरं माप तिथंच असतं. आज्जी काय किलोवर मोजत नव्हती, दोन चिपटी धणं, वाटीभर तीळ असंच असायचं. तर ते चिपटं घ्या, धण्यानं भरा, वर हात फिरवून सपाट करा आणि वजनकाट्यावर ठेवा. तिळाचं वेगळं, जिऱ्याचं वेगळं वजन करा, कारण एकाच भांड्यात प्रत्येक जिन्नसाचं वजन वेगळं भरतं. ती शिगेला भरायची का सपाट हे पण विचारून घ्या, त्यानं बराच फरक पडतो.

आता विचारायचं कुणाला? आत्ती, चुलती, आज्जीची धाकटी बहीण असली तर ती, आणि शेजारच्या ज्या काकी उन्हाळ्यात मदतीला यायच्या त्या. हे काम पुढं ढकलू नका, ही माणसं पण आता म्हातारी झालीत. त्यांना विचारून मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. "रेसिपी सांगा" म्हणलं की "अंदाजानं घालायचं की" एवढंच उत्तर येतं, म्हणून कामाचं विचारायचं. मिरची कुठनं आणायची, देठं काढायला कोण कोण बसायचं, खोबरं किसायची का काप करायची, कांदा कुठवर तळायची. आमच्या आत्तीला मी विचारलं मिरची वाळली हे कसं कळायचं, तर तिनं मूठभर मिरच्या उचलून कानापाशी हलवल्या आणि म्हणाली "तुझी आज्जी अशी बघायची, आतलं बी खुळखुळलं पाहिजे". मग तिथनं गोष्ट निघाली ती आषाढात टेंबलाईला, म्हणजे टेकडीवरच्या देवीला, पाणी घालायला सगळ्या बायका कशा जायच्या, आज्जी डोक्यावर कळशी घेऊन पुढं आणि ही पोरगी मागनं पळत, हे मी कधीच ऐकलं नव्हतं. अशी गोष्ट सुरू झाली की मधी बोलू नका, चटणीचं नंतर परत विचारता येतं.

सुरुवातीला धरायला आमच्या घरचं माप देते. मिरची 1 किलो, त्यात अर्धी ब्याडगी रंगाला आणि अर्धी संकेश्वरी तिखटाला, धणं पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, कांदा अर्धा किलो, लसूण पाव किलो, तीळ 100 ग्रॅम, जिरं 50 ग्रॅम, खडं मीठ पाव किलो आणि लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, तमालपत्र हे थोडं थोडं. कांदा उभा चिरून उन्हात सुकवून मग तेलात कुरकुरीत तळायचा, ओला राहिला तर चटणीला बुरशी येते. तुमच्या आज्जीचं यापेक्षा वेगळं असणारच, ते शोधायचं.

एकदम पाच किलोची करायला जाऊ नका. पाव किलो मिरचीची घरी मिक्सरवर करा आणि जी माणसं तिच्या हातचं खाऊन मोठी झाली त्यांना भाकरीवर तेल चटणी द्या. ती बरोबर सांगतात, लसूण जास्त झालाय, खोबरं नीट भाजलं नाही, धणं कमी पडलं. ते लिहून घ्या आणि परत करा. थोरल्या काकाला नुसता वास दिला तरी कळतं.

पसंत पडली की मग डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कांडून देतात त्या गिरणीत. मिक्सरची आणि डंकावर कांडलेली चटणी एकसारखी होत नाही, कांडताना खोबऱ्या-तिळाचं तेल सुटतं आणि ते मिरचीत मुरतं. आज्जी ज्या डंकावर जायची तिथंच जा, तिथल्या माणसाला पण विचारा, वर्षानुवर्षं तिची चटणी त्यानं कांडलेली असते, मिरची आधी का मसाला आधी हे त्याला पाठ असतं.

घरी आणली की पूर्ण गार होऊ द्या, कोरड्या चिनीमातीच्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचा खडा ठेवा, ओला चमचा घालायचा नाही. पक्कं झालेलं माप वहीत लिहा, सोबत कुणी काय सांगितलं ते पण त्यांच्याच शब्दांत, आणि वहीचे फोटो, रेकॉर्डिंग सगळं घरच्या ग्रुपवर टाका आणि ड्राइव्हवर पण ठेवा. 2019 आणि 2021 च्या महापुरात इथं किती घरांतली कागदं आणि फोटो भिजून गेले ते आपण बघितलंय, एकाच कपाटावर विसंबू नका.

आणि मिरची मार्चमधीच घेऊन वाळवायला घाला, एप्रिल-मे मधी डंकावर लै गर्दी असते.