रेल्वेनं वसवलेलं केजन गाव घरबसल्या कसं समजून घ्यायचं? (लुईझियानातलं रेन)

माझा भाचा ह्युस्टनला असतो. मागच्या हिवाळ्यात गाडीनं न्यू ऑर्लिन्सला जाताना तो वाटेत अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातल्या रेन नावाच्या गावात जेवायला थांबला आणि तिथूनच फोन केला, मामा, इथं भिंतीभिंतीवर बेडूक रंगवलेत आणि गावाच्या मधोमध रूळ गेलेत, बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाला उभा असल्यासारखं वाटायलंय. तेव्हापासून मी या गावाच्या मागं लागलोय. केजन लोकांचं, म्हणजे तिथल्या फ्रेंच वंशाच्या लोकांचं, सात-आठ हजार वस्तीचं गाव, पण वाचायला बसलं की संपत नाही. बेळगाव-खानापूरकडच्या बऱ्याच घरांतली पोरं आता तिकडं आहेत, म्हणून कसं बघायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे गाव कुणी वसवलं ते आधी वाचू नका. मोबाईलवर नकाशा उघडा, रेन लुईझियाना टाका, सॅटेलाईट लावा आणि आधी रूळ शोधा. लाफायेटपासून पश्चिमेला साधारण २५ किलोमीटरवर आहे. रूळ पूर्व-पश्चिम गेलेत, त्याला चिकटून जुना ९० नंबरचा हायवे, आणि उत्तरेला गावाला वळसा घालून इंटरस्टेट १०. आधी रेल्वे, मग डांबरी रस्ता, मग मोठा हायवे, या तीन रेघांत गावाचे तीन काळ दिसतात. जुन्या पेठेचे रस्ते बघा, चौकटीचौकटीचे आहेत. त्या मुलखात फ्रेंचांची जमीन मोजायची पद्धत वेगळी होती, पाण्याकाठी अरुंद तोंड आणि मागं लांबच लांब पट्टा, पट्टा मोजायचं माप आर्पां, म्हणजे साधारण ५८ मीटर. त्यामुळं नदीकाठी लांब पट्टे दिसले तर वस्ती जुनी आणि रुळाकाठी चौकट दिसली तर रेल्वेची, हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो.

मग नावं बघा, मला सगळ्यात जास्त इथंच सापडलं. गावाच्या उत्तरेला बायू प्लाकमिन ब्रूले, दक्षिणेला बायू क्यू द तोर्त्यू. बायू म्हणजे संथ वाहणारा ओढा, आणि दुसऱ्या नावाचा अर्थ कासवाची शेपटी. पाण्याची नावं फ्रेंच. आणि स्टेशनांची नावं? रेन हे रेल्वेतल्या माणसाचं आडनाव, शेजारचं क्राऊली तसंच, स्कॉटही तसंच. म्हणजे ओढ्यांना नावं दिली तिथं राहणाऱ्यांनी आणि स्टेशनांना दिली रूळ टाकणाऱ्यांनी. लाफायेटचं नावही १८८४ पर्यंत व्हर्मिलियनव्हिल होतं. नाव बदललं की जुने कागद शोधताना दोन्ही नावांनी शोधायचं हे आपल्याला सांगायला नको, बेळगाव आणि बेळगावी दोन्ही टाकल्याशिवाय आपलंही काही सापडत नाही.

आता गाव तिथंच का, हे विचारा. रेनच्या आधी तिथं दक्षिणेला पूपव्हिल नावाची वस्ती होती. १८८० च्या सुमाराला लुईझियाना वेस्टर्न कंपनीनं लाफायेटहून टेक्सासकडं लाईन टाकली, ती वस्तीला बाजूला ठेवून गेली, मग दुकानं आणि चर्चसकट गावच उठून रुळाकडं आलं. आपल्याकडं लोंढा जंक्शनमुळं वाढलं, आणि निपाणी तंबाखूची एवढी मोठी पेठ असूनही रेल्वेवर नाही, त्यामुळं गाव रुळाकडं सरकणं म्हणजे काय हे इथल्या माणसाला लगेच कळतं. बेडकांची गोष्टही रुळामुळंच. १८८० च्या दशकात दोना प्यूशू नावाचा माणूस इथले बेडूक न्यू ऑर्लिन्सच्या हॉटेलांना विकायला लागला, पुढं वाईल बंधूंनी तो धंदा मोठा केला. रात्री पकडलेला माल ताजा पोचवायचा तर गाडीच पाहिजे. १९७३ पासून तिथं फ्रॉग फेस्टिव्हल भरतो.

जमीन बघायची तर नकाशा झूम करून शेतात जा. वळणावळणाचे बांध दिसतील, ती भाताची शेतं. वरच्या मातीखाली चिकणमातीचा घट्ट थर आहे, पाणी खाली जिरतच नाही, म्हणून रेल्वे आल्यावर उत्तरेकडचे गहू पिकवणारे शेतकरी यंत्रं घेऊन आले आणि भाताकडं वळले. भात निघाला की त्याच शेतात परत पाणी सोडून क्रॉफिश, म्हणजे झिंग्यासारखा गोड्या पाण्यातला जीव, धरतात. आपल्या शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात बासमती निघाल्यावर ओलीवर मसूर-वाटाणा टाकतात तसंच म्हणा.

कागदपत्रं बघायची असतील तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साईटवर सॅनबोर्न नकाशे फुकट आहेत. आगीच्या विमा कंपन्यांसाठी काढलेले, विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी. त्या भागातली गिरणी आणि गोदामं रुळाला कशी लागून होती ते घरागणिक दिसतं. जनगणना मात्र जपून वापरा, १८९० च्या याद्या १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सगळ्या गेल्या, आणि ही गावं वाढली ती नेमकी त्याच दशकात. त्यामुळं १८८० वरून थेट १९०० वर उडी मारावी लागते, मधली वर्षं चर्चच्या नोंदी आणि जुन्या वर्तमानपत्रांतून भरायची.

आणि केजन म्हणजे कोण हे नीट वाचा, घाईत नको. १७५५ पासून इंग्रजांनी कॅनडाकडच्या अकेडियातून हाकललेले फ्रेंच लोक, १७६०च्या दशकात इथं येऊन राहिले, अकेडियनचं केजन झालं. १९२१ च्या राज्यघटनेनं शाळेत फक्त इंग्रजी ठेवली, फ्रेंच बोललं म्हणून पोरांना शिक्षा व्हायच्या. १९६८ ला फ्रेंच टिकवायला सरकारी कौन्सिल निघालं, तोवर घराघरात एक पिढी गप्प झाली होती. हे वाचताना मला थांबावं लागलं. घरात एक भाषा आणि ऑफिसच्या फॉर्मवर दुसरी, यात आपण वाढलोय.

प्रत्यक्ष जाणार असाल तर सनसेट लिमिटेड ही गाडी आठवड्यातून तीनदाच असते आणि रेनला थांबत नाही, लाफायेटला उतरून पुढं कारनं जावं लागतं. गेल्यावर सेंट जोसेफ चर्चचं कब्रस्तान नक्की बघा. ख्रिश्चन कबरी सहसा पूर्व-पश्चिम असतात, इथल्या उत्तर-दक्षिण आहेत. भाच्याला परत पाठवला तेव्हा त्यानं मोबाईलचा कंपास एका फ्रेंच आडनावाच्या दगडावर ठेवून फोटो पाठवला. काटा दगडाच्या कडेला अगदी समांतर होता, आणि फोटोच्या वरच्या कोपऱ्यात मालगाडीचे डबे दिसत होते.