डीएसएलआर घरी ठेवून रोज सोबत नेता येईल असा छोटा कॅमेरा कसा निवडायचा

छोटा कॅमेरा घ्यायचाय म्हटलं की लोक आधी मेगापिक्सेल विचारतात, मग ब्रँड, मग ‘लो लाइटला कसा आहे’, आणि एवढं सगळं करून घेतलेला कॅमेरा थोड्याच दिवसांत डीएसएलआरच्या शेजारी कपाटात जाऊन बसतो. कारण तो खरंच खिशात मावतो का आणि आपल्याला किती लांबून फोटो काढायची सवय आहे, हे दोन प्रश्न कुणी विचारलेलेच नसतात. मी हे काम स्वतःसाठी आणि मग मित्रमंडळींसाठी इतक्यांदा केलंय की आता कुणी ‘बेस्ट छोटा कॅमेरा कोणता’ विचारलं की चिडचिडच होते. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा, मॉडेलचं नाव आपोआप पुढे येतं.

अॅपर्चर, शटर, आयएसओ तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतोय. आणि मोबाईलवरचे फोटो पुरतात असं वाटत असेल तर ते खरंच पुरतात, पुढे वाचायची काही गरज नाही.

१. खिसा मोजा

वजन सगळेच बघतात, जाडी कुणी बघत नाही. कॅनन ५डी मार्क ४ हा डीएसएलआर आणि त्यावर २४-७० एफ २.८ ही झूम लेन्स म्हणजे जवळपास १.७ किलो झाले, त्याच्यापुढे कुठलाही छोटा कॅमेरा हलकाच वाटणार, त्यामुळे वजनाच्या तुलनेतून काही हाती लागत नाही. जाडी बघा. रिको जीआर ३ साधारण ३३ एमएम जाड आहे, सोनी आरएक्स१०० मार्क ७ साधारण ४३, फुजीफिल्म एक्स१००व्हीआय साधारण ५५. कागदावर फरक किरकोळ वाटतो, म्हणून पुठ्ठ्याचे तुकडे कापा, एकावर एक चिकटवून त्या मापाचा ठोकळा करा आणि दिवसभर खिशात घेऊन वावरा. बसा, वाका, जिना चढा. ३३ वाला पँटच्या पुढच्या खिशात राहतो, ४३ वाला सैल पँटमध्ये किंवा जॅकेटमध्ये, ५५ वाल्याला खिशात घालायचं विसरा, तो गळ्यात किंवा बॅगेत. बॅग रोज सोबत असतेच असं असेल तर काही अडचण नाही, फक्त ते आत्ताच कबूल करून टाका.

छोट्या मिररलेसबद्दल (आत आरसा नसलेले, पण लेन्स बदलता येणारे कॅमेरे) एक. दुकानात बॉडी हातात देतात आणि तुम्ही ‘अरे किती छोटी’ म्हणता, पण लेन्स लावून मोजा. फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर) मिररलेसची बॉडी बारीक झाली तरी लेन्सला तेवढाच मोठा सेन्सर भरायचा असतो, त्यामुळे २४-७० एफ २.८ तिकडेही जवळपास तेवढीच जड आहे.

२. फोकल लेंथ ठरवा, घोडं इथेच अडतं

फोकल लेंथ म्हणजे लेन्सचा एमएममधला आकडा, लहान आकडा म्हणजे वाइड, मोठा म्हणजे लांबचं जवळ दाखवणारा टेली. माझंही बरेच दिवस इथेच अडलं होतं, आणि ज्यांनी छोटा कॅमेरा घेऊन परत विकला त्यातल्या बहुतेकांचं मूळ दुखणं हेच निघतं. डीएसएलआरला लेन्स बदलता येते. खिशात जाणाऱ्या चांगल्या कॅमेऱ्यांना बऱ्याचदा एकच फिक्स लेन्स (झूम नाही, बदलताही येत नाही) असते, ती आवडली नाही तर अख्खा कॅमेराच बदलावा लागतो. त्यामुळे ‘२८ घे रे, स्ट्रीट फोटोग्राफीला २८च लागते’ असले सल्ले एका कानाने ऐकायचे आणि दुसऱ्याने सोडून द्यायचे. सांगणाऱ्याला कसे फोटो आवडतात ते त्यातून कळतं, तुम्हाला कसे आवडतात ते नाही.

तुमचे जुने फोटो काढा. प्रत्येक फाईलच्या एक्झिफमध्ये (कॅमेऱ्याने फाईलमध्येच नोंदवलेली माहिती) फोकल लेंथ लिहिलेली असते, कॉम्प्युटरवर फाईलच्या प्रॉपर्टीजमध्येही दिसते, लाइटरूम हे फोटोंचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर स्मार्ट कलेक्शनमध्ये फोकल लेंथची रेंज देऊन किती फोटो कुठे पडतात ते बघता येतं. इथपर्यंत सगळेच सांगतात. पुढचं सांगत नाहीत.

सगळे फोटो मोजायचे नाहीत. सगळे मोजले की हमखास असं दिसतं की तुम्ही १८ला आणि ५५लाच शूट करता, आणि तुम्ही म्हणता, झालं, मला वाइडही हवं आणि टेलीही हवं, म्हणजे मोठा झूमच हवा. पण ते आकडे तुमच्या नजरेचे नसतात. झूमची रिंग माणूस एका टोकापर्यंत फिरवतो आणि तिथेच सोडून देतो, मधे थांबायला विचार करावा लागतो ना. म्हणून फक्त निवडलेले फोटो घ्या, जे तुम्ही प्रिंट केले, भिंतीवर लावले, कुणाला आवर्जून पाठवले, किंवा ज्यांना स्वतःहून पाच स्टार दिले. शे-दीडशे भरले तरी पुष्कळ.

आता त्या प्रत्येक फोटोचा क्रॉप बघा, हे अजिबात टाळू नका. ५५ला काढलेला फोटो नंतर कापून निम्म्या रुंदीचा केला असेल तर तो ११०चा झाला, ५५चा राहिला नाही. मग क्रॉप फॅक्टरने (सेन्सर फुल फ्रेमपेक्षा किती पट छोटा तो आकडा) गुणा, निकॉन, सोनी, पेंटॅक्सच्या छोट्या म्हणजे एपीएस-सी सेन्सरला १.५, कॅननच्या एपीएस-सीला १.६, त्याहून छोट्या मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरला २. म्हणजे निकॉनवरचा तो ११०वाला फोटो फुल फ्रेमच्या हिशोबात १६५चा आहे, आणि असे फोटो ढिगाने निघाले तर तुम्हाला २८ची फिक्स लेन्स म्हणजे रोजची डोकेदुखी आहे, कितीही जण कितीही कौतुक करोत. उलटंही होतं, म्हणजे १८ला काढलेले फोटो न कापता तसेच ठेवलेत आणि ते तुम्हाला मनापासून आवडतात, तर तुमची नजर २७-२८ची आहे हे नक्की.

आकडा मिळाला तरी लगेच विकत घ्यायला धावू नका, आधी टेप लावा. आहे त्या डीएसएलआरवर, आहे त्या झूमची रिंग त्या आकड्याला आणून कागदी मास्किंग टेपने बंद करा (इन्सुलेशन टेप नको, गोंद राहतो आणि रिंगच्या खाचांत जाऊन बसतो). एपीएस-सी बॉडीवर ३५ची नजर हवी असेल तर रिंग २४च्या आसपास येईल. काही दिवस तसंच शूट करा, टेप काढायची नाही, आणि हात सारखा रिंगकडे जातोय तेव्हा कुठल्या दिशेला जातोय तेवढं लक्षात ठेवा. पाठ भिंतीला टेकली तरी मावत नाहीये असं वारंवार झालं तर आणखी वाइड हवं. फोटोचा निम्मा भाग नुसती जमीन आणि आभाळ, आणि घरी येऊन सगळे कापत बसताय, तर लांबची हवी.

माणसांचे फोटो काढत असाल तर अजून एक गोष्ट फुटपट्टीनेच बघा. आडव्या फ्रेममध्ये माणूस कमरेपासून डोक्यापर्यंत, वर थोडी जागा सोडून, म्हणजे साधारण १ मीटर उंचीचा भाग भरायचा असेल तर २८ला तुम्हाला १.२ मीटरवर उभं राहावं लागतं, ३५ला १.५, ४०ला १.७ आणि ५०ला २.१. जमिनीवर टेप लावून खुणा करा आणि घरातल्या कुणाला तरी समोर उभं करून एकेका खुणेवर थांबून बघा. १.२ मीटर म्हणजे समोरच्याच्या अंगावर जाणं आहे, ओळखीच्या माणसाच्या बाबतीत ठीक, अनोळखी माणूस दचकतो, आणि तुम्ही स्वभावाने बुजरे असाल तर तुम्ही त्याच्या आधी दचकता. शिवाय २८ला चेहरा फ्रेमच्या कडेला गेला की ताणल्यासारखा दिसतो, ग्रुप फोटोत कडेला उभे असलेले नंतर तुम्हालाच बोलतात. फोकल लेंथ निवडणं म्हणजे बऱ्याच अंशी माणसांपासून किती अंतरावर उभं राहायचं ते निवडणं आहे, आणि ते स्पेक्सच्या व्हिडिओत कुणी दाखवत नाही.

आता कॅमेरे. २८ आली तर रिको जीआर ३, ४० आली तर त्याचाच भाऊ जीआर ३एक्स, ३५ आली तर फुजीची एक्स१०० सिरीज. ५०वाल्यांची जरा पंचाईत आहे, खिशातल्या फिक्स लेन्स कॅमेऱ्यांत ५० जवळपास मिळतच नाही, त्यांनी छोटी मायक्रो फोर थर्ड्स बॉडी आणि २५ एमएम लेन्स बघावी. नाहीतर क्रॉप मोडवर (कॅमेराच फोटोच्या कडा कापून देतो) भागवावं, एक्स१००व्हीआयचे ४० मेगापिक्सेल ५०ला कापून साधारण २० उरतात, ते पुरतात. जीआर ३चे २४ मात्र ५०ला कापले की ७च्या आसपास उरतात, तेवढ्यासाठी तो घेऊ नका. आणि निवडक फोटो खरोखरच २४ पासून १०० पर्यंत पसरलेले निघाले तर तुम्ही झूमवालेच आहात, त्यात कमीपणा काही नाही, आरएक्स१०० किंवा कॅनन जी७एक्स घ्या आणि फिक्स लेन्सवाल्यांची प्रवचनं ऐकू नका.

३. सेन्सर

फोकल लेंथ ठरली की हे अर्धं ठरलेलंच असतं. जीआर आणि एक्स१००मध्ये एपीएस-सी सेन्सर आहे, म्हणजे डीएसएलआरमधून येताना क्वालिटीत खाली उतरल्यासारखं वाटत नाही. आरएक्स१०० आणि जी७एक्समध्ये ‘एक इंची’ सेन्सर असतो, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ एमएम आहे, क्षेत्रफळाने एपीएस-सीच्या साधारण एक तृतीयांश. दिवसा काही फरक जाणवत नाही, संध्याकाळनंतर घरात जाणवतो. त्याच्यावर एफ १.८ लिहिलंय म्हणून फुल फ्रेमच्या एफ १.८सारखं बॅकग्राउंड उडेल असंही धरू नका, ब्लर एफ ४.९च्या आसपासचा मिळतो. झूम जितका लांब तितकी लेन्स अंधारी. आरएक्स१००चे मार्क ३ ते ५ २४-७०, एफ १.८-२.८ आहेत, मार्क ६ आणि ७ २४-२००, एफ २.८-४.५. घरातले फोटो जास्त काढत असाल तर जुना मार्क ५ नव्या ७पेक्षा बरा, हे माझं ठाम मत आहे.

३० एक्स झूमवाले ट्रॅव्हल कॅमेरे मिळतात, त्यांचा सेन्सर बहुतेक वेळा ६.२ बाय ४.६ एमएमचा. नको.

४. व्ह्यूफाइंडर

डीएसएलआरवरून येणाऱ्याला व्ह्यूफाइंडर, म्हणजे बघायची खिडकी, डोळ्याला लावायची सवय असते. एक्स१००मध्ये ऑप्टिकल आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही आहेत, आरएक्स१००मध्ये मार्क ३ पासून वर उघडणारा छोटा आहे, जीआर ३ आणि जी७एक्समध्ये नाही. कडक उन्हात स्क्रीन दिसत नाही, हे खरं आहे, ब्राइटनेस वाढवून थोडंफार भागतं. आठवडाभर डीएसएलआर लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, वापरून बघा, जमलं तर व्ह्यूफाइंडरसाठी २० एमएम जाडी वाढवू नका.

५. हातात घेऊन बघा

कॅमेरा बंद करून खिशात ठेवा. एका हाताने काढा, चालू करा, फोटो काढा, बंद करा, परत खिशात. यात कुठेही दुसरा हात लागला, लेन्स कॅप काढावी लागली, अंगठा चुकून दुसऱ्याच बटणावर गेला तर रोज तेच होणार. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायचं सेटिंग) मेनूत न जाता बदलता आलंच पाहिजे. बाकी मेनू कसाही असो, सवय होते.

६. सेकंडहँड घेत असाल तर

घ्यायला हरकत नाही, पण फिक्स लेन्स कॅमेऱ्यात आत धूळ गेली की सेन्सर घरी साफ करता येत नाही, सर्व्हिस सेंटरला उघडावाच लागतो. खिशात वावरलेल्या कॅमेऱ्यांना, त्यातही जीआरला, हा त्रास जास्त. म्हणून अॅपर्चर जेवढं लहान होईल तेवढं करून पांढरी भिंत किंवा मोकळं आभाळ आउट ऑफ फोकस काढा आणि फोटो झूम करून चारही कोपऱ्यांत काळपट ठिपके शोधा. मग वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवून, कॅमेरा बरोबर समोर धरून, अॅपर्चर पूर्ण उघडून एक फोटो. एक बाजू शार्प आणि दुसरी मऊ आली तर कॅमेरा कधीतरी पडलेला असण्याची शक्यता आहे, सोडून द्या. लेन्स आत-बाहेर होताना कुरकुरतेय का ते कान देऊन ऐका, आठ-दहा वेळा तरी चालू-बंद करा, विकणारा वैतागला तर वैतागू दे.

जास्तीची बॅटरी घ्याच, जीआर ३ची अधिकृत क्षमताच २०० फोटोंची आहे.

७. सेटिंग

रॉ (प्रक्रिया न केलेली फाईल) आणि जेपेग दोन्ही. बीप बंद. ऑटो आयएसओ, कमीत कमी शटर १/१२५, पोरं धावत असतील तर १/२५०. जीआर ३मध्ये स्नॅप फोकस (आधीच ठरवलेल्या अंतरावर फोकस) २ मीटरला आणि अॅपर्चर एफ ८ ठेवलं की साधारण १ मीटरपासून पार लांबपर्यंत शार्प येतं, फोकसची वाटच बघावी लागत नाही. मनगटाचा पट्टा लावा, गळ्यातला खिशात गुंता करतो.

डीएसएलआर लगेच विकू नका. पक्षी, खेळ, स्टेज यासाठी वरचा एकही कॅमेरा त्याची जागा घेत नाही. पण बॅटरी काढून ठेवा, आणि लेन्स कोरड्या जागी सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात, नाहीतर न वापरता पडून राहिलेल्या लेन्सला दमट हवेत बुरशी धरते, आणि ती काढायचा खर्च बऱ्याचदा लेन्सच्या किमतीला टेकतो.