हॉट रॉडचा पुढचा एक्सल: कॅस्टर, टो आणि बाकी भानगडी

हॉट रॉड म्हणजे बदल करून वेगवान केलेली जुनी गाडी. गाडी १९२८ ते ३४ मधली फोर्ड, पुढे ड्रॉप केलेला (गाडी खाली बसावी म्हणून वाकवलेला) आय-बीम (I आकाराच्या छेदाचा) एक्सल, त्यावर आडवा पाटा (स्प्रिंग) आणि एक्सल जागेवर धरणारे, मागे जाणारे दांडे, म्हणजे स्प्लिट विशबोन किंवा हेअरपिन, असं धरून सांगतो. यात कॅम्बर (चाकाचं वरचं टोक आत-बाहेर झुकणं) एक्सल बनतानाच ठरलेला असतो, एक्सल वाकलेला नसेल तर त्याच्या नादाला लागू नका.

आधी गाडी तिच्या पूर्ण वजनावर उभी करा, म्हणजे इंजिन, रेडिएटर, बॉडी, आणि टायर जे चालवणार तेच. बरेच जण नुसती चेसी स्टँडवर ठेवून कॅस्टर (किंगपिनचा, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं त्या खुंटीचा, मागे झुकाव) लावतात आणि मग मागे मोठे टायर चढवतात, गाडी २ डिग्री पुढे झुकली की तेवढाच कॅस्टर गेला ना राव! वजन बसल्यावर शॅकल (पाट्याची टोकं एक्सलला जोडणारे दुवे) बघा, साधारण ४५ डिग्रीत हवेत, अगदी उभे असतील तर गाडी आडवी डुलते.

मग एक्सल काटकोनात आहे का ते मापा. किंगपिनपासून मागच्या एक्सलपर्यंत दोन्ही बाजूंना माप सारखं यायला हवं, कर्णही मापा.

आता कॅस्टर. किंगपिनचं वरचं टोक मागे झुकलेलं, ५ ते ७ डिग्री. किंगपिनच्या बॉसवर (किंगपिन बसतो तो एक्सलच्या टोकाचा जाड भाग) अँगल गेज ठेवून दोन्ही बाजू बघायच्या. हेअरपिनला क्लेव्हिस (टोकाचा आट्यांचा जोड) फिरवून जमतं, स्प्लिट विशबोनला मागचा माउंट खाली घेतला की कॅस्टर वाढतो. पण क्रॉसमेंबरचा (चेसीच्या, पाटा धरणाऱ्या आडव्या बीमचा) कोनही त्याच्याशी जुळला पाहिजे, नाहीतर पाटा पिळला जातो आणि सस्पेन्शन दगडासारखं कडक लागतं. आणि हो, पाइपचा एक्सल असेल तर हेअरपिन किंवा स्प्लिट विशबोन नको, आय-बीम थोडा पिळला जातो, पाइप नाही, तिथे फोर-बारच (दोन्ही बाजूंना दोन-दोन समांतर दांडे) लावा.

स्टीअरिंग आर्मची (चाक वळवणाऱ्या हाताची) रेषा किंगपिनपासून टाय रॉडच्या (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) भोकातून मागे वाढवली तर ती मागच्या एक्सलच्या मध्याजवळ जायला हवी. दिसायला भारी म्हणून टाय रॉड एक्सलच्या पुढे आणायचा मोह आवरा, तेच आर्म उलटे लावले की अ‍ॅकरमन (वळताना आतलं चाक जास्त वळण्याची रचना) उलटा होतो आणि वळणावर टायर घासत जातात. ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) चेसीच्या बाजूने मागे जात असेल तर तिचं मागचं टोक विशबोनच्या मागच्या पिव्हटच्या जितकं जवळ तितकं बरं, खड्ड्यात स्टीअरिंग झटका मारत नाही. क्रॉस स्टीअरिंग (ड्रॅग लिंक आडवी जाणारी) असेल तर पॅनहार्ड बार (एक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) हवाच, ड्रॅग लिंकला समांतर आणि जवळपास तेवढ्याच लांबीचा.

टो (चाकं पुढच्या बाजूला आत वळलेली असणं) सगळ्यात शेवटी. चाक उचलून फिरवत टायरच्या मध्यावर खडू लावा, त्यावर खिळ्याने बारीक रेघ मारा, मग गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकला म्हणजे टायर नीट बसतात. रेघांमधलं अंतर एकाच उंचीवर पुढे आणि मागे मापा, पुढचं १/१६ ते १/८ इंच कमी हवं. टाय रॉड फिरवून ते जुळवा आणि लॉकनट आवळा.

एवढं करूनही पुढची चाकं थरथरली तर लगेच स्टीअरिंग डॅम्पर विकत आणू नका, आधी किंगपिन, बेअरिंग आणि रॉड एंडमधला (दांड्यांच्या टोकाच्या जोडातला) प्ले म्हणजे ढिलेपणा काढा आणि टायर बॅलन्स करून घ्या.