शेवाळाने बुजवलेले ६ मिलिमीटरचे छिद्र

खाऱ्या पाण्याच्या टँकच्या देखभालीचे काम नव्याने सुरू करणाऱ्यांना सम्प (टँकखालची पाण्याची टाकी), स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारे उपकरण) आणि रिटर्न पंप (सम्पमधले पाणी वर टँकमध्ये नेणारा) म्हणजे काय हे माहीत असते, म्हणून त्या प्राथमिक गोष्टींत मी याहून अधिक शिरत नाही. माझी फजिती झाली ती शेवाळामुळे, आणि तेही काचेवरच्या शेवाळामुळे नव्हे. पहिल्या वर्षी मी काच अगदी मन लावून घासत असे, कारण ग्राहकाला काचच दिसते आणि पैसे तो काच पाहूनच देतो. उपकरणांवरचे शेवाळ मात्र ‘नंतर बघू’ या सदरात पडून राही.

पुण्यातील एका दंतवैद्यांच्या दवाखान्यातला १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद टँक माझ्याकडे होता. त्याच्या रिटर्न पाइपचे तोंड पाण्याच्या पातळीखाली १० सेंटिमीटरवर होते. पंप बंद पडला की त्याच पाइपमधून पाणी उलट सम्पमध्ये उतरू लागते आणि पाइपमध्ये हवा शिरेपर्यंत ते थांबत नाही. त्यासाठीच पातळीच्या जेमतेम १ सेंटिमीटर खाली पाइपला ६ मिलिमीटरचे छिद्र पाडलेले असते. पाणी तेवढे उतरले की छिद्र उघडे पडते, हवा आत जाते आणि सायफन, म्हणजे पाण्याची ही उलटी ओढ, तुटतो. आता हिशेब पाहा. या टँकची पातळी १ सेंटिमीटर उतरणे म्हणजे ५.४ लिटर पाणी खाली येणे. छिद्र मोकळे असेल तर साडेपाच लिटरांच्या आत निभावते. बुजलेले असेल तर ५४ लिटर येतात. सम्पमध्ये मोकळी जागा होती ३० लिटरची. हे छिद्र नेमके दिव्याखाली असते, तिथे प्रकाश भरपूर आणि प्रवाह सतत, म्हणजे शेवाळाला आणखी काय हवे! एका गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि २४ लिटर खारे पाणी रुग्णांच्या बाकांखाली पसरले.

खरे नुकसान त्यानंतर झाले. वीज आल्यावर पंपाने सम्पमधले पाणी वर नेले, सम्पची पातळी घटली, आणि बाष्पीभवनाची तूट भरून काढणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने (तिला बिचारीला काय कळणार!) तेवढे गोडे पाणी आत सोडले. विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारेपणाचे माप) १.०२६ वरून १.०२४ च्या आसपास आले. मासे तगले, कोळंब्या मेल्या.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांनी त्या पाइपवर चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवला होता आणि आता छिद्राची काळजी नको, असे मला सांगितले होते. माशांच्या आजारांबाबत त्यांचा शब्द मी आजही प्रमाण मानतो; परंतु व्हॉल्व्ह उघडला तेव्हा त्याच्या पडद्याच्या कडेत शेवाळाचा तुकडा अडकलेला होता आणि भोवती चुन्याचा थर बसलेला होता. चेक व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नका, हे मी कोणाशीही वाद घालून सांगायला तयार आहे.

बाकीच्या उपकरणांचे सांगण्यासारखे थोडेच आहे. पंप आणि पॉवरहेड (टँकमध्ये प्रवाह निर्माण करणारे छोटे पंप) दर एक-दोन महिन्यांनी, प्लग काढून, सुटे करावेत आणि पांढरे व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन त्यात तासभर भिजवावेत. मग इम्पेलर (पंपातले फिरते पाते) जुन्या टूथब्रशने घासून सगळे स्वच्छ धुवावे. व्हिनेगरच्या बादलीत ब्लीच कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. पारदर्शक नळीऐवजी काळी नळी वापरली की आत प्रकाशच पोहोचत नाही. शेवाळ मारणाऱ्या औषधाच्या बाटलीचा मोह मात्र टाळाच. त्यात तांबे असेल तर ते गोगलगायी आणि कोळंब्याही मारते, शिवाय खडकांत आणि वाळूत मुरून बसते. शेवाळाचे खाद्य असलेल्या फॉस्फेटची चाचणी शून्य दाखवते म्हणूनही निर्धास्त होऊ नये. शेवाळ दाट असेल तर पाण्यातले फॉस्फेट त्यानेच खाल्लेले असू शकते.

नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत सगळीकडे तपकिरी थर चढतो, तेव्हा मात्र हाय खाण्याचे कारण नाही. ते डायटम (एक प्रकारचे सूक्ष्म शेवाळ) असतात आणि पाण्यातले सिलिकेट संपत आले की बहुधा आपोआप ओसरतात. मी घाबरून नळाच्या पाण्याने टँकचे पाणी बदलले आणि त्यांना सिलिकेटचा नवा शिधा पुरवला, तसे तुम्ही करू नका.

आता कोणत्याही टँकपाशी गेल्यावर काचेला हात लावण्याआधी मी त्या छिद्रात टूथपिक फिरवतो, रिटर्न पंपाचा प्लग काढतो आणि सम्पमध्ये पाणी कुठवर चढते ते पाहत उभा राहतो. दंतवैद्यांच्या सम्पवर त्यासाठी काळ्या पेनाने रेघ ओढली आहे. तिथल्या पाइपला दुसरे छिद्रही पाडले. त्याचे पैसे मागण्याचे धाडस मला झाले नाही.