पगार-कराराच्या टेबलावर सिस्टर लोक कुठे फसतात: या चुका टाळा

आमच्या दुसऱ्या कराराच्या वेळी एका कानडी शब्दाने आम्हाला वर्षभर झुलवलं. लेबर ऑफिसातल्या बैठकीचा वृत्तांत कन्नडमध्ये लिहिला होता आणि नाईट भत्त्याच्या मुद्द्यापुढे शब्द होता 'परिशीलिसलागुवुदु'. आमच्या कमिटीत सहाजणी. चौघी मराठी शाळेत शिकलेल्या, म्हणजे पेशंटशी कानडी फाडफाड बोलणार, पण कागदावरचं कानडी अक्षरं जुळवत वाचणार. शेवटचं 'लागुवुदु' कानावर पडलं आणि वाटलं, चला, भत्ता मिळणार. मिळणार असेल तर 'नीडलागुवुदु' लिहितात, दिलं जाईल. आमच्या कागदावर होतं त्याचा अर्थ, विचार केला जाईल. सह्या झाल्या, पेढे वाटले, आणि भत्ता काही आला नाही. मॅनेजमेंटने तरी काय खोटं केलं? विचार केला जाईल म्हणाले होते, केला असेल.

बेळगावातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं स्टाफ नर्स होते आणि तीन करारांना कमिटीत बसले. हल्ली खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मुलींचे फोन येतात, 'सिस्टर, पहिल्यांदाच बोलणी आहेत, काय बघायचं?' त्यांना फोनवर सांगते तेच इथे लिहून ठेवतेय.

न वाचलेल्या कागदावर सही

कागद कन्नडमध्ये असणार, त्याबद्दल कुरकुर करून वेळ घालवू नका. कमिटीत कन्नड माध्यमात शिकलेली एक सिस्टर पाहिजेच, आणि तिचं काम भाषण करण्याचं नाही, वाचण्याचं. सहीआधी प्रत मागून घ्या, एक रात्र जवळ ठेवा. प्रत्येक कलमाचं क्रियापद तपासा. 'प्रयत्न करू', 'सकारात्मक विचार करू', 'शक्यतो' असं काही दिसलं तर ते कलम नाहीच असं समजून पुढच्या बैठकीला बसा. करार दोन भाषांत करायचा असेल तर मतभेद झाल्यास कुठली प्रत धरायची, तेही त्यातच लिहून घ्या.

घाई मॅनेजमेंटला असते, आपल्याला नाही. 'काय करूलालीस गं इतका वेळ, सही कर आणि सुट की,' असं आमच्यातलीच एकजण म्हणाली होती. तिला शेवटची बस गाठायची होती. तेव्हापासून बैठक संध्याकाळी ठेवूच द्यायची नाही, असं ठरलं.

टक्का कशावर, ते न विचारणं

'वीस टक्के वाढ' ऐकलं की वॉर्डात टाळ्या पडतात. उदाहरण घेऊ. हातातला एकूण पगार १८,००० रुपये, त्यात बेसिक ७,२००, बाकी घरभाडं, वॉशिंग, कन्व्हेयन्स, स्पेशल भत्ता वगैरे. वॉर्डातल्या मुलीच्या डोक्यात १८,००० चे वीस टक्के, म्हणजे ३,६०० रुपये. करारात लिहिलेलं असतं 'मूळ वेतनावर', म्हणजे १,४४०. त्यातही करार तीन वर्षांचा आणि वाढ ८, ६, ६ टक्के अशी वाटलेली. पहिल्या महिन्यात पगारात दिसतात ५७६ रुपये, त्यातून पीएफ कापला जाणार तो वेगळाच. मग मुली कमिटीला विचारतात, 'पैसे कुठं गेले?' पैसे कुठे गेले नाहीत, नव्हतेच.

म्हणून टक्क्याची भाषा बंद करा. पाच वर्षं झालेली एक, दहा वर्षं झालेली एक आणि नवी एक, अशा तिघींच्या खऱ्या पगाराच्या स्लिपा घ्या. ऑफर आली की त्या तिघींच्या स्लिपा नव्या आकड्यांनी पुन्हा लिहून आणा, म्हणून मॅनेजमेंटलाच सांगा. टेबलावर बोलणं रुपयांत होऊ दे. आम्ही तिसऱ्या कराराला हे केलं तेव्हा अकाउंट्सचा माणूस दुसऱ्या दिवशी यायचा तो आठवड्याने आला. त्यावरूनच कळलं की ठिकाण बरोबर दाबलंय.

बेसिक कमी आणि भत्ते जास्त, हा जुना खेळ आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या लेबर कोडमध्ये, म्हणजे नव्या कामगार कायद्यांत, 'वेतना'ची व्याख्या बदलली आहे. वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर निम्म्याच्या वरचा भाग वेतनातच धरायचा. वरच्याच उदाहरणात ग्रॅच्युइटी ७,२०० वर न मोजता निदान ९,००० वर येते. वीस वर्षांच्या नोकरीला हा फरक सुमारे २१ हजारांचा. बोलणी चालू असतानाच जुन्या साच्यातली स्लिप दुरुस्त करून मागा, नंतर कोणी दार उघडत नाही.

ईएसआयचं कुंपण

हे फार जणींच्या लक्षात येत नाही. ईएसआय, म्हणजे पगारातून वर्गणी कापून मिळणारा सरकारी आरोग्य विमा, त्याची पगारमर्यादा महिन्याला २१,००० रुपये आहे. ईएसआयसाठी धरला जाणारा तुमचा पगार २०,६०० वरून २१,४०० झाला की चालू वर्गणीचा काळ, एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, संपेपर्यंत वर्गणी चालू राहते, नंतर बंद, आणि तिच्यावरचे फायदे संपले की कार्डही बंद. आपला कापला जाणारा ०.७५ टक्का वाचतो, मालकाचा ३.२५ टक्के वाचतो. आणि त्या कार्डावर सासूचं डायलिसिस चाललेलं असेल तर? आठशे रुपयांच्या वाढीत घर बसतं.

वाढ नाकारायची नाही. ज्या तारखेपासून कार्ड बंद, त्याच तारखेपासून ग्रुप मेडिक्लेम आणि त्यात आईवडील किंवा सासूसासरे, हे त्याच करारात घालायचं. 'पुढे बघू' म्हटलं तर मघाचा कानडी शब्द आठवा.

दुसऱ्याच्या पगाराकडे बोट

'गोव्यात एवढं देतात, केरळात तेवढं देतात' हे टेबलावर चालत नाही. केरळात २०१८ मध्ये खाजगी दवाखान्यातल्या नर्सना किमान २०,००० ठरले ते तिथल्या नर्सनी २०११ पासून रस्त्यावर उतरून मिळवले, आणि ते त्या राज्यापुरतं. आपल्याला उपयोगी पडतो तो बेडचा हिशेब. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निर्देशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी नर्सच्या पगारासाठी शिफारस केली: २०० पेक्षा जास्त बेड असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका, १०० ते २०० मध्ये त्याहून फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० मध्ये फार तर पंचवीस टक्के कमी, आणि ५० च्या खाली निदान २०,०००. ही शिफारस आहे, हुकूम नव्हे. तरी बोलायला पाया आहे. त्यासाठी आधी आपल्या दवाखान्याचे केपीएमई नोंदणीतले, म्हणजे खाजगी दवाखान्यांच्या सरकारी नोंदणीतले, बेड किती, ते माहीत पाहिजे. जाहिरातीत साडेतीनशे आणि पगाराच्या बोलणीत नव्वद, असं मी ऐकलेलं आहे.

समोर कोण बसलंय

दोन बैठका आम्ही एचआर मॅनेजरशी घातल्या. तो प्रत्येक मुद्द्याला मान हलवायचा. तिसऱ्या बैठकीला म्हणाला, 'ट्रस्टी साहेबांना विचारावं लागेल.' पहिल्याच दिवशी अधिकारपत्र मागा: या माणसाने कबूल केलेलं व्यवस्थापनावर बंधनकारक आहे की नाही. तुमच्या बाजूनेही तसंच पत्र द्या, म्हणजे मागणी उद्धट वाटत नाही.

दुसरा प्रश्न ते विचारतील: तुम्ही कोण? नव्या औद्योगिक संबंध कोडमध्ये मस्टरवरच्या (हजेरीपटावरच्या) निदान ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी बोलू शकते. कोणाकडेच तेवढे नसतील तर वाटाघाटी मंडळ बसतं, आणि त्यात जागेसाठी निदान वीस टक्के लागतात. म्हणून मागणीपत्राआधी सभासद वही नीट करा. सोडून गेलेल्यांची नावं काढा, नव्यांच्या सह्या घ्या. मस्टरवर तुमच्या वॉर्डात दिसणारी प्रत्येक सिस्टर असेलच असं नाही, एजन्सीकडून आलेल्या मुली वेगळ्या कागदावर असतात. त्यांचं काय, ते आपसात आधी ठरवा. आम्ही ठरवलं नाही, आणि संपाची भाषा सुरू झाल्यावर त्याच मुलींना डबल ड्युट्या लावून वॉर्ड चालवला गेला. त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता, आम्ही त्यांना कधी चहालाही बोलावलं नव्हतं.

ट्रस्टच्या दवाखान्यात आणखी एक दगड वाटेत असतो. १९७८ च्या बेंगळुरू पाणीपुरवठा खटल्यातल्या निकालाने दवाखाने 'उद्योगा'त आणले होते. नव्या कोडच्या व्याख्येत पूर्णतः किंवा मोठ्या प्रमाणात धर्मादाय, सामाजिक काम करणाऱ्या संस्थांनी चालवलेली आस्थापनं वगळली आहेत. वकिलाच्या पहिल्या पत्रात हेच येणार. घाबरून गप्प बसणं ही चूक, आणि तावातावाने स्वतःच उत्तर लिहिणं ही त्याहून मोठी चूक. बिलांचे दर, फुकट बेड किती, पैसे देऊन किती, हे कागद जमवून कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा. तोवर बोलणी थांबवायची नाहीत. आपसात बोलायला कायद्याची मनाई नाही.

फितीचा रंग

हे फक्त आपल्या भागातल्यांना कळेल. ऑक्टोबरच्या शेवटी बोलणी फिसकटली आणि कमिटीने ठरवलं, काळी फीत लावून ड्युटी करायची. मराठी सिस्टरांनी टाचण्या काढल्या. गदगकडची आमची कानडी अक्का, जी सगळ्यात कडक बोलणारी, तिने फीत हातात घेतली आणि परत ठेवली. तेव्हा ट्यूब पेटली. १ नोव्हेंबर चार दिवसांवर होता. आपल्याकडे त्या दिवशी काळी फीत म्हणजे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस आणि तिच्या घरी राज्योत्सव, कर्नाटकाचा स्थापना दिवस. पगाराची फीत सीमाप्रश्नाची झाली असती, आणि मॅनेजमेंटला आयतं सांगता आलं असतं की हे राजकारण आहे. भगवं नको, लाल-पिवळं नको, काळं नको. शेवटी ड्रेसिंग ट्रॉलीवरच्या गॉजचा पांढरा तुकडा खिशाला लावला. त्याला कोणी हरकत घेतली नाही.

सीमेबद्दल ज्याचं त्याचं मत घरी. बैठकीत कोण कुठल्या भाषेत बोलणार हे आधीच ठरवा, आणि मागणीपत्रावर पहिल्या तीन सह्या एकाच आळीतल्या नकोत.

उद्या कोणीच यायचं नाही

रात्री व्हॉट्सॲपवर ठरतं, सकाळी सगळ्या कॅज्युअल रजा टाकतात. नव्या कोडप्रमाणे निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली कॅज्युअल हा संपच. संपाला निदान चौदा दिवसांची लेखी नोटीस लागते. लेबर ऑफिसरपुढे समेटाची कारवाई चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. बेकायदा ठरला तर पगार कापला जाणं ही त्यातली सगळ्यात लहान गोष्ट. त्यात सरकारने एस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांचा कायदा, लावला तर विषयच बदलतो.

नोटीस द्यायची वेळ आलीच तर तिच्यासोबत यादी द्या: आयसीयू, कॅज्युअल्टी, लेबर रूम, डायलिसिसला कोणाच्या ड्युट्या चालू राहतील, शिफ्टप्रमाणे नावानिशी. ही यादी एमएस (मेडिकल सुपरिंटेंडेंट) सरांच्या हातात दिली की 'नर्सनी पेशंट वाऱ्यावर सोडले' ही ओळ पेपरात येत नाही.

करार झाला, तरी अडलंय?

मुदत लिहायची राहिली असेल तर करार सहा महिन्यांचा धरला जातो. मुदत संपली म्हणून फायदे आपोआप बंद होत नाहीत, रद्द करण्याची लेखी नोटीस देऊन साठ दिवस जावे लागतात. 'करार संपला, भत्ता बंद' असं तोंडी सांगितलं तर ती नोटीस दाखवा म्हणायचं.

लेबर ऑफिसरच्या समेटात झालेला करार सगळ्या कामगारांना लागू होतो, आपसात केलेला फक्त सही करणाऱ्या पक्षांना. नव्याने लागलेल्या मुलीला वाढ नाकारली जात असेल तर आधी हे बघा की करार कुठल्या टेबलावर झालाय.

एरिअर्सची, म्हणजे मागच्या थकबाकीची, तारीख, हप्ते, आणि मधल्या काळात नोकरी सोडलेल्यांचा हक्क, या तिन्ही गोष्टी एका कलमात पाहिजेत. आमच्या एका कराराला तिसरी राहिली. लग्न होऊन कोल्हापूरला गेलेल्या दोघी अजून भेटल्या की आठवण काढतात.

शिफ्ट बदलताना पेशंटची ओव्हर देण्या-घेण्यात जाणारा अर्धा तास कुठल्याच करारात नसतो. महिन्याला २६ ड्युट्या धरल्या तर ते तेरा तास. आम्हाला पैसे नाही मिळाले, पण महिन्यातून एक जादा ऑफ मिळाला.

नंतरच्या पहिल्या स्लिपा घेऊन एका दुपारी सगळ्याजणी कॅन्टीनला बसा. आम्ही बसलो तेव्हा नाईट भत्ता शेवटी एकदाचा आला होता, पण 'इतर' या रकान्यात, पाच नाईट केलेलीला आणि आठ केलेलीला सारखाच. अक्काने तिथेच कन्नडमध्ये पत्र लिहिलं, मी मराठीत वाचून दाखवलं, बत्तीस सह्या झाल्या. पुढच्या महिन्याच्या स्लिपेवर नाईटचा वेगळा रकाना होता.